वेगळं ताट आणि बंद खिडकी

बालमित्रांनो, तुमच्या वहीतल्या चुका आम्ही शिक्षक लाल शाईने दाखवतो. आमच्या चुका दाखवायला मात्र कोणी नसतं! म्हणून आज मी माझीच एक चूक तुम्हांला सांगणार आहे.

डिंभे धरणाच्या परिसरातल्या एका लहानशा शाळेत मी शिकवते. एका बाजूला घोड नदीवरच्या धरणाचं लांबच लांब पाणी, दुसऱ्या बाजूला भीमाशंकरकडे चढत जाणारे डोंगर. पावसाळ्यात इथं अशी झड लागते, की आठ-आठ दिवस सूर्याचं दर्शन होत नाही. अशाच एका पावसाळ्यात माझ्या चौथीतल्या एका मुलीच्या वडिलांना क्षयरोग, म्हणजे टीबी झाल्याचं कळलं. भातलावणी उरकली की ते नारायणगावकडे मजुरीला जायचे. दोन-अडीच महिने खोकत होते. "थंडी-वाऱ्याचा खोकला आहे, जाईल," असं म्हणत त्यांनी तो अंगावर काढला होता.

बातमी गावात पसरायला कितीसा वेळ लागतो! दुसऱ्याच दिवशी दोन पालक शाळेत आले. "बाई, त्या पोरीला आमच्या पोरांजवळ बसवू नका," म्हणाले. आणि मी काय केलं? तिला दाराशी एकटीला बसवलं. खिचडीसाठी तिचं ताट वेगळं ठेवायला स्वयंपाकाच्या मावशींना सांगितलं. आपण मोठी खबरदारी घेतली, असंच मला वाटलं.

चार-पाच दिवसांनी ती मुलगी आपलं ताट घासून कोपऱ्यात ठेवता ठेवता मला म्हणाली, "बाई, माझं ताट येगळं ठेवलं, म्हंजी आता बाकीच्यांना न्हाई ना व्हणार?"

मी "हो" म्हणाले. पण मुलांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मी "हो" म्हटलं, ते खरं की खोटं, हे मला ठाऊकच नव्हतं! माहीत नसताना उत्तर देणाऱ्या मुलाला मी वर्गात उभं करते. मग मला कोणी उभं करायचं?

दुसऱ्या दिवशी मी आमच्या आशाताईंना गाठलं, मग डॉक्टरांना भेटले, पुस्तकं मिळवून वाचली. तेव्हा जे कळलं, ते एखाद्या गुप्तहेराच्या गोष्टीहून कमी नाही. ऐका तर.

गुन्हेगार सापडला, पण...

क्षयरोग फार जुना. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत त्याला 'राजयक्ष्मा' म्हटलं आहे. चंद्राला हा रोग झाला आणि तो कलेकलेने झिजू लागला, अशी पुराणात कथा आहे. माणूसही या रोगात असाच झिजतो, म्हणून नाव क्षय.

रोग का होतो, हे मात्र हजारो वर्षं कोणाला कळलं नाही. कोणी म्हणे पूर्वजन्मीचं पाप, कोणी म्हणे रोग रक्तातूनच येतो. शेवटी 24 मार्च 1882 या दिवशी जर्मनीतल्या बर्लिन शहरात रॉबर्ट कॉख या डॉक्टरांनी जाहीर केलं, की क्षय एका जंतूमुळे होतो. हा जंतू काडीसारखा असतो आणि इतका बारीक, की एका मिलिमीटरमध्ये सुमारे तीनशे जंतू एकापुढे एक सहज मावतील. म्हणूनच 24 मार्च हा 'जागतिक क्षयरोग दिन' मानतात.

जंतू सापडला, पण त्याला मारणारं औषध मिळायला पुढे साठ वर्षं लागली. आनंदीबाई जोशींचं नाव तुम्ही ऐकलं आहे ना? 1886 साली अमेरिकेत जाऊन त्या डॉक्टर झाल्या. पण 1887 मध्ये पुण्यात क्षयानेच त्यांचा मृत्यू झाला. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. डॉक्टर असूनही स्वतःला वाचवता आलं नाही, कारण औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावर चालणारं पहिलं प्रभावी औषध अमेरिकेत सापडलं 1943 मध्ये.

गिनिपिगांनी दिलेली साक्ष

आता माझ्या ताटाच्या प्रश्नाकडे येऊ. जंतू एका माणसातून दुसऱ्यात जातो तरी कसा? ताटातून? कपड्यातून? हस्तांदोलनातून? की हवेतून? यावर डॉक्टरांमध्येही पुष्कळ वर्षं वाद होता.

1950 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात वेल्स आणि रायली या दोन संशोधकांनी एक नामी युक्ती काढली. रुग्णालयात क्षयरोग्यांसाठी सहा खोल्या होत्या. त्या खोल्यांतली हवा नळीने वरच्या मजल्यावर नेली आणि तिथं पिंजऱ्यांत गिनिपिग ठेवले. गिनिपिग म्हणजे उंदराच्या कुळातला गुबगुबीत छोटा प्राणी. क्षयाचा जंतू त्याला फार चटकन बाधतो. या गिनिपिगांनी रोग्यांचं ताट पाहिलं नव्हतं, की त्यांच्या अंथरुणाला शिवले नव्हते. त्यांच्यापर्यंत येत होती फक्त हवा.

आणि एकेक करून गिनिपिगांना क्षयाची बाधा होऊ लागली!

मग त्यांनी गिनिपिगांची आणखी एक तुकडी ठेवली. तिच्याकडे जाणाऱ्या हवेवर आधी अतिनील किरण सोडले. हे किरण जंतूंना मारतात. या तुकडीतले गिनिपिग ठणठणीत राहिले. खटल्याचा निकाल लागला. क्षयाचा जंतू हवेतून जातो.

रोगी खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा बारीक तुषार उडतात. मोठे थेंब जमिनीवर पडतात. पण अगदी सूक्ष्म कण सुकून बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. दुसऱ्याने श्वास घेतला, की ते थेट त्याच्या फुप्फुसात जातात. ताट, वाटी, तांब्या, टॉवेल, हस्तांदोलन यांच्यातून क्षय पसरत नाही.

म्हणजे मी ताट वेगळं ठेवून कोणालाही वाचवत नव्हते. एका लहान मुलीला फक्त दुखवत होते. ती स्वतः तर आजारीही नव्हती. शिवाय लहान मुलांना क्षय झाला, तरी ती फारसे जंतू बाहेर टाकत नाहीत. त्यांना तो बहुधा मोठ्यांकडूनच मिळतो.

मद्रासच्या चाळींत झालेली परीक्षा

"मग रोग्याला गावाबाहेर ठेवायला हवं!" असं तुम्ही म्हणाल. पूर्वी तसंच करायचे. हवेशीर ठिकाणी, झाडीत, खास आरोग्यधामं बांधत. आपल्या मिरजेजवळही असं आरोग्यधाम होतं. पण खाटा थोड्या आणि रोगी लाखो. गरिबाने करायचं काय?

1956 साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, एक संशोधन केंद्र निघालं. तिथं वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 193 रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एक गट आरोग्यधामात राहिला. तिथं चांगलं अन्न, विश्रांती, मोकळी हवा. दुसरा गट आपल्याच घरी. एका खोलीत सगळं कुटुंब, अन्न बेताचं, कामधंदाही चालूच. औषधं मात्र दोन्ही गटांना तीच, वर्षभर.

तुम्हांला काय वाटतं, कोण बरं झालं असेल?

1959 मध्ये निकाल जाहीर झाला, तेव्हा जगातले डॉक्टर चकित झाले. दोन्ही गटांतले बहुतेक रोगी बरे झाले होते, जवळजवळ सारख्याच प्रमाणात. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. संशोधकांनी दोन्हींकडच्या घरच्या माणसांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांचा रोगी घरातच राहून औषध घेत होता, त्या कुटुंबांत जास्त लोकांना क्षय झाला का? नाही!

असं का? कारण रोग्याने नेमाने औषध सुरू केलं, की थोड्याच आठवड्यांत त्याच्यापासून होणारा संसर्ग खूपच कमी होतो. घरच्यांना बाधा व्हायची ती बहुतेक आधीच झालेली असते, म्हणजे रोग ओळखला जाण्यापूर्वी, 'साधा खोकला आहे' असं म्हणत काढलेल्या त्या दोन-तीन महिन्यांत. ज्याच्या हातात औषधाचं पाकीट आहे, त्याला आपण घाबरतो. आणि जो खोकत खोकत गर्दीच्या बसमध्ये शेजारी बसतो, त्याचा आपल्याला पत्ताही नसतो!

भारतात 2019 ते 2021 या काळात राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षण झालं. त्यात आढळलं, की क्षयाची लक्षणं असलेल्या दर 100 माणसांपैकी सुमारे 64 जण कोणाकडेही उपचाराला गेलेच नव्हते. का गेले नसतील? बहुतेकांनी दुखणं मनावरच घेतलं नव्हतं. पण मला वाटतं, काही जण ताट वेगळं होईल या भीतीनेही गेले नसतील. म्हणजे माझी चूक त्या मुलीपुरती नव्हती. गावातला दुसरा कोणी खोकणारा माणूस ते पाहून खोकला लपवू शकला असता.

जंतू शिरला, म्हणजे रोग झाला?

मुळीच नाही! जगात दर चार माणसांमागे साधारण एकाच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे. पण त्यांतल्या शंभरापैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधी तरी रोग होतो. बाकीच्यांचं शरीर जंतूला कोंडून ठेवतं. धान्याच्या कणगीत शिरलेल्या उंदराला कोंडावं, तसं.

मग कोणाचा जंतू सुटतो आणि कोणाचा कोंडलेलाच राहतो? हे शोधणाऱ्या शास्त्राला साथरोगशास्त्र म्हणतात. या शास्त्राचे अभ्यासक नुसते सूक्ष्मदर्शकातून पाहत नाहीत. ते घरोघर हिंडतात आणि प्रश्न विचारतात. कोणाला झाला? कुठं झाला? केव्हा झाला? आणि सर्वांत अवघड प्रश्न, शेजारच्याला का नाही झाला?

आपल्या पुण्याचंच पाहा. 2014 पासून पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि चेन्नईतल्या संशोधकांनी मिळून क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांचा अभ्यास केला. घरातल्या निम्म्याहून जास्त लोकांत जंतू शिरल्याच्या खुणा तपासणीत दिसल्या, पण रोग झालेले त्या मानाने थोडेच निघाले. म्हणून आता रोग्याच्या घरच्या सगळ्यांना तपासतात. रोग नसेल, तर तो होऊ नये म्हणूनही गोळ्या देतात. पाच वर्षांखालच्या बाळांना तर त्या फारच गरजेच्या.

कोंडलेला जंतू सुटायला मदत कोण करतं? मधुमेह, तंबाखू-बिडी, दारू, एचआयव्ही, दगडाच्या खाणीतली धूळ. चुलीच्या धुराकडेही काही संशोधकांनी बोट दाखवलं आहे. पण आपल्या देशात सर्वांत मोठा घरभेदी वेगळाच आहे. त्याचं नाव उपासमार.

झारखंड राज्यातल्या चार जिल्ह्यांत 2019 ते 2022 या काळात एक मोठा अभ्यास झाला. 2,800 रोगी आणि त्यांच्या घरची 10,345 माणसं त्यात होती. सगळ्या रोग्यांना औषधांबरोबर दरमहा शिधा मिळत होता. पण निम्म्या भागात घरच्या माणसांनाही शिधा दिला. दर माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. बाकीच्या भागात घरच्यांना हा शिधा नव्हता. 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत डाळ-तांदूळ पोचला, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी होतं! शिवाय पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले.

औषध जंतूला मारतं आणि पोटभर अन्न त्याला कोंडून ठेवतं, असं लक्षात ठेवा. शाळेतली खिचडी पानात टाकताना हे आठवा बरं!

खिडकीपुढची भिंत

आता मुंबईला जाऊ. गोवंडी भागात झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी उंच इमारतींच्या वसाहती बांधल्या. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत या त्यांतल्या तीन. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासकांनी तिथल्या हजारो घरांत जाऊन पाहणी केली.

पहिल्या दोन वसाहतींत सुमारे दर दहा घरांमागे एका घरात क्षयरोगी आढळला. पीएमजीपी वसाहतीत मात्र हे प्रमाण कितीतरी कमी होतं. फरक कशाचा? पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना खेटून होत्या, मध्ये जेमतेम तीन मीटर जागा. खिडकी उघडली, की समोर भिंत! ऊन नाही, वारा नाही. त्यातही खालच्या मजल्यांवर त्रास जास्त होता, कारण तिथं उजेड सर्वांत कमी पोचतो.

ऊन क्षयाच्या जंतूचा शत्रू आहे. आणि वारा तरंगणारे कण पांगवून टाकतो. बंद, काळोखी खोली मात्र जंतूचं माहेरघर!

हे वाचलं आणि मला आमच्याकडची घरं आठवली. इथं मोकळी हवा हवी तेवढी आहे, पण ती घराबाहेर! पावसाचा मारा चुकवायला घरं बसकी, खिडकी लहान किंवा नाहीच. पावसाळ्यात दार लावून, चूल पेटवून, सगळे एका खोलीत झोपतात. म्हणजे गोवंडीची ती कोंदट खोली आणि आमच्या डोंगरातली ही खोली, दोघी सख्ख्या बहिणीच की!

आणि आमच्या वर्गात...

सोमवारी मी सगळ्या मुलांना बसवून गिनिपिगांची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, "ताट वेगळं ठेवायला मी सांगितलं होतं. ते चुकलं." वर्ग शांत झाला. मग त्या मुलीला तिच्या जुन्या जागेवर बसवलं. तिच्या शेजारच्या मैत्रिणीने आपलं दप्तर उचलून जागा करून दिली. खिडक्या आम्ही सताड उघडल्या. पाऊस आत आला, तेव्हा फक्त पावसाच्या बाजूची एक लावून घेतली.

त्या दोन पालकांनाही मी सगळं समजावलं. एकाला पटलं. दुसरे गृहस्थ बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते. तेही खरंच सांगते.

आशाताईंनी घरच्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. मुलगी ठणठणीत होती. तिच्या तीन वर्षांच्या भावाला प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. वडिलांना दोन महिन्यांतच बरं वाटू लागलं आणि ते म्हणू लागले, "आता कशाला गोळ्या? मी कामावर जातो."

इथंच खरा धोका असतो, मुलांनो. पुष्कळ जंतू वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात. असा हा आळशी जंतू शरीरात दडून बसतो, म्हणून औषध निदान सहा महिने घ्यावं लागतं. मध्येच सोडलं, तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार फार कठीण आणि लांबलचक होतात.

त्या मुलीने काय केलं असेल? दिनदर्शिका दाराशी टांगली. बाबांनी गोळी घेतली, की ती त्या तारखेवर फुली मारायची. फुली नसेल, तर बाबांना जेवायला वाढू द्यायची नाही! सहा महिन्यांच्या फुल्या पुऱ्या झाल्या आणि वडील बरे झाले. त्या दिनदर्शिकेची पानं तिने मला आणून दाखवली. मी ती तपासली आणि खाली लाल शाईने 'शाबास' लिहिलं.

करून पाहा

तुमच्या घरातल्या खोल्या मोजा. प्रत्येक खोलीत खिडक्या किती, त्यांतल्या रोज किती उघडतात, कोणत्या खोलीत दिवसातून किती वेळ ऊन येतं, ते आठवडाभर वहीत लिहा. शाळेच्या वर्गांचीही अशीच नोंद करा. मित्रांच्या नोंदींशी ताडून पाहा. झालात की तुम्ही छोटे साथरोगतज्ज्ञ!

पालकांसाठी चार शब्द

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणं, भूक मंदावणं किंवा थुंकीतून रक्त, यांतलं काहीही असेल, तर तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी रुग्णाच्या बँक खात्यात मदत जमा होते. 2018 मध्ये ती महिना 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 रुपये झाली आहे. बाळाला जन्मल्यावर बीसीजीची लस अवश्य टोचून घ्या. क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या गंभीर प्रकारांपासून ती लहानग्यांचं रक्षण करते. खोकताना तोंडावर रुमाल धरा, इकडेतिकडे थुंकू नका.

घरात किंवा शेजारी कोणाला क्षय झाला, तर त्याचं ताट वेगळं काढू नका. ताटात डाळ-भात थोडा जास्त वाढा आणि खिडकी उघडा.